जुने चित्रपट, नव्या तबकड्या



सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी पडद्यावर आलेला चित्रपट, पहिल्या खेळाच्या दिवशी तो जसा दिसला असेल तसाच, घरच्या बैठकीत बसून पाहावयास मिळावा, ही इच्छा आता नुसते मनोराज्य राहिलेली नाही. काही भाग्यवान चित्रपटांच्या बाबतीत ती अक्षरशः पुरी झाली आहे. प्रश्न आहे तो असा, की हे भाग्यवान कोण, त्यांच्या भाग्याचे रहस्य कशात आहे, आणि ज्या मराठी बोलपटांच्या आठवणी आपल्या घराघरांत वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकावयास मिळतात, ते ह्या पंक्तीत का दिसत नाहीत.

प्रथम थोडा हिशेब मांडू. घरी चित्रपट दाखविणाऱ्या तबकड्यांच्या आपल्याकडे मुख्यतः चार पिढ्या झाल्या. व्हिडिओ सीडी म्हणून जी स्वस्त तबकडी एके काळी घरोघर पोहोचली होती, तिच्यावरील एकेक चित्र सुमारे १ लक्ष ठिपक्यांचे असे. डीव्हीडीने ही संख्या ४ लक्षांच्या वर नेली. २००६ साली आलेल्या ब्लू-रे तबकडीवर २० लक्षांहून अधिक ठिपके मावू लागले. आणि २०१६ साली आलेल्या अल्ट्रा एचडी तबकडीवर, जिला लोक सोयीने फोर-के म्हणतात, ही संख्या ८२ लक्षांच्या पलीकडे गेली. म्हणजे पहिल्या तबकडीच्या मानाने ऐंशीपट बारकावा. हे आकडे ऐकून कोणालाही वाटेल, की आता जुन्या चित्रपटांचे सारे दैन्य फिटले; नवी तबकडी काढली, की पुसट चित्र लख्ख झाले!

परंतु आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? तबकडी हा पोहरा आहे. आड म्हणजे ती मूळ फिल्म, जी चित्रीकरणाच्या दिवशी प्रत्यक्ष कॅमेऱ्यातून गेली. तिला मूळ निगेटिव्ह म्हणतात. तिच्यावरून एक मधली पॉझिटिव्ह, त्या पॉझिटिव्हवरून दुसरी निगेटिव्ह, आणि तिच्यावरून चित्रगृहांना जाणाऱ्या प्रती, अशी ही वंशावळ असते. आणि प्रत्येक पिढीगणिक बारकावा थोडा थोडा झडत जातो. मूळ निगेटिव्ह सुस्थितीत असेल, तर १९३६ साली काढलेल्या चित्रपटातही इतका तपशील दडलेला असतो, की डीव्हीडीच्या ओंजळीत तो मावत नाही. उलट, नव्वदीच्या दशकात दूरदर्शनसाठी साध्या व्हिडिओ फितीवर घेतलेल्या मालिकेत तो मुळातच नसतो. वयाने आजोबा शोभावा असा चित्रपट नातवापेक्षा तेजस्वी दिसू शकतो तो ह्यामुळे. मात्र आपल्याकडे मधल्या पिढीचा खर्च वाचविण्यासाठी पुष्कळदा मूळ निगेटिव्हवरूनच प्रती काढल्या जात. चित्रपट जितका लोकप्रिय, तितक्या त्याच्या प्रती अधिक, आणि तितकी त्याची निगेटिव्ह अधिक झिजलेली. लोकांचे प्रेमच चित्रपटाच्या मुळावर आले, असे म्हणण्याची पाळी आली ती अशी.

आता एका भाग्यवंताची कथा सांगतो. सत्यजित राय ह्यांचे ‘पथेर पांचाली’, ‘अपराजितो’ आणि ‘अपुर संसार’ हे तीन चित्रपट जगभर नावाजलेले. १९९२ साली, रायबाबूंच्या निधनाच्या थोडे आधी, त्यांना ऑस्करचा विशेष सन्मान देण्यात आला, तेव्हा त्यांच्या चित्रपटांच्या प्रती किती हलाखीच्या स्थितीत आहेत हे अमेरिकेतील मंडळींच्या ध्यानी आले. पुढे डागडुजीच्या खटपटीत मूळ निगेटिव्ह लंडन येथील हेंडरसन प्रयोगशाळेत गेल्या. आणि १९९३ च्या जुलै महिन्यात त्या प्रयोगशाळेला आग लागली. फिल्म भाजल्या, वितळल्या, आक्रसल्या. ज्या कामासाठी त्या तेथे गेल्या ते काम तर राहोच, पण मूळ वस्तूच हातची गेली. इतर कोणी तो ढीग उकिरड्यावर टाकला असता, आणि त्यात त्याला कोणी दोषही दिला नसता.

पण तो टाकला गेला नाही. ऑस्कर देणाऱ्या अकादमीने ते जळके डबे लॉस एंजलिस येथे नेऊन आपल्या संग्रहात ठेवून दिले. त्यांचा उपयोग काय, हे त्या वेळी कोणालाच ठाऊक नव्हते. सुमारे वीस वर्षे ते तसेच पडून राहिले. मग क्रायटेरियन ह्या अमेरिकन तबकडी-संस्थेने आणि अकादमीने मिळून इटलीतील बोलोन्या शहरातल्या एका प्रयोगशाळेकडे ते सोपविले. तेथील कारागिरांनी ठिसूळ झालेल्या फिल्मला पुन्हा ओलावा देऊन लवचीक केले, कडेची तुटलेली भोके एकेक करून हाताने सांधली, वितळून चिकटलेला गोंद आणि मेण खरवडून काढले. हे हातकाम सुमारे एक हजार तास चालले होते. एवढे केल्यावर ‘पथेर पांचाली’च्या मूळ निगेटिव्हपैकी सुमारे ४० टक्के आणि ‘अपराजितो’च्या ६० टक्क्यांहून अधिक भाग पुन्हा उपयोगात आणता आला. ‘अपुर संसार’च्या वाट्याला ते भाग्यही आले नाही, त्यासाठी आणि उरलेल्या भागांसाठी निरनिराळ्या संग्रहांतील दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या फिल्म गोळा कराव्या लागल्या. १९५५ साली न्यूयॉर्कच्या ज्या आधुनिक कला-संग्रहालयात ‘पथेर पांचाली’ प्रथम दाखविला गेला, तेथेच २०१५ च्या मे महिन्यात हे नवे रूप दाखविण्यात आले, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात त्याच्या ब्लू-रे तबकड्या निघाल्या. काशफुलांच्या रानातून अपू आणि दुर्गा आगगाडी पाहावयास धावतात तो प्रसंग ह्या तबकडीवर पाहावा. फुलांचा एकेक तुरा वेगळा दिसतो. पूर्वीच्या प्रतींत तेथे पांढरा गोळा होता.

ह्या कथेला एक विनोदी शेपूट आहे. ब्लू-रे तबकड्या विकणाऱ्यांनी जगाचे तीन भाग पाडले आहेत. अमेरिका पहिल्या भागात. भारत, चीन आणि रशिया तिसऱ्या. एका भागासाठी बांधलेली तबकडी दुसऱ्या भागातल्या यंत्रावर चालत नाही. परिणामी, बंगालच्या खेड्यात चित्रित झालेला हा भारतीय चित्रपट अमेरिकेतून मागविला, तर भारतात विकत घेतलेले सरळमार्गी यंत्र त्याला ओळख देत नाही. अल्ट्रा एचडी तबकड्यांत हे सोवळे सुदैवाने पाळलेले नाही.

ह्या दुरुस्तीच्या कामाला मराठीत आपण जीर्णोद्धार हा देवळाचा शब्द लावू लागलो आहो, आणि तो मला अगदी योग्य वाटतो. कारण देवळाच्या जीर्णोद्धारात जे अपघात होतात तेच येथेही होतात. उत्साही विश्वस्तांनी जुन्या दगडी शिल्पावर तैलरंगाचा हात फिरवावा, तसा प्रकार तबकड्यांच्या बाबतीत अनेकदा घडला आहे. फिल्मवरचे चित्र रुप्याच्या सूक्ष्म कणांनी घडलेले असते. पडद्यावर त्या कणांची किंचित हालचाल दिसते. ती फिल्मची त्वचा होय. परंतु गुळगुळीत चित्राला सरावलेल्या गिऱ्हाइकाला ती धूळ वाटते, म्हणून यंत्राकडून ती पुसून टाकण्यात येते, आणि तिच्याबरोबर कपाळावरच्या आठ्या आणि कापडाचा पोतही पुसला जातो. ‘पॅटन’ ह्या अमेरिकन युद्धपटाच्या २००८ सालच्या ब्लू-रे तबकडीवर नेमकी हीच टीका झाली होती: माणसे मेणाची दिसतात. २०२४ साली ‘ट्रू लाइज’ ह्या चित्रपटाची फोर-के तबकडी निघाली, तिच्यात तर संगणकाने आपल्या कल्पनेने बारकावे भरल्याची तक्रार जाणकारांनी केली. ‘द फ्रेंच कनेक्शन’च्या दिग्दर्शकाने २००९ साली स्वतःच आपल्या चित्रपटाचे रंग बदलले, तेव्हा त्याच्या छायालेखकाने जाहीर निषेध नोंदविला, आणि २०१२ साली नवी तबकडी काढावी लागली. आपल्याकडे ‘मुघल-ए-आझम’चे उदाहरण आहेच. १९६० साली तो बव्हंशी कृष्णधवल होता, काही भागच रंगीत. २००४ साली तो संपूर्ण रंगीत करून पुन्हा पडद्यावर आला. रंगीत प्रत ज्यांना आवडते त्यांनी ती जरूर पाहावी. पण कृष्णधवल प्रत मागणाऱ्याला ती शोधत हिंडावे लागू नये, एवढी अपेक्षा वावगी नव्हे.

कोणी म्हणेल, तबकड्यांचा हा खटाटोप हवा कशाला? आता सारे काही तारेतून घरी येते. येते खरे, पण दाबून, आवळून येते. अल्ट्रा एचडी तबकडीवर ६६ किंवा १०० गिगाबाइट जागा असते. तारेतून येणाऱ्या चित्रपटाला त्याच्या पावपट वाटा मिळाला तरी पुष्कळ म्हणावयाचे. शिवाय आज दिसणारा चित्रपट उद्या करार संपला, की यादीतून नाहीसा होतो. फळीवरची तबकडी कोठे जात नाही. मात्र तबकडीचे दिवसही फार सुखाचे आहेत असे नाही. सॅमसंगने २०१९ साली नवी यंत्रे काढण्याचे थांबविले, आणि सोनीने २०२५ च्या फेब्रुवारीत कोऱ्या ब्लू-रे तबकड्यांचे उत्पादन बंद केले. ज्यांना हवे आहे त्यांनी फार काळ वाट पाहण्यात अर्थ नाही.

आता आपल्या घरचा विचार करू. १९२९ साली कोल्हापुरात स्थापन झालेली आणि १९३३ साली पुण्यास आलेली प्रभात फिल्म कंपनी आपणा सर्वांच्या अभिमानाचा विषय. तिचा १९३६ सालचा ‘संत तुकाराम’ १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात वाखाणला गेला. आज तो चित्रपट घरी पाहावयाचा, तर बहुधा कोणत्या रूपात भेटतो? जुन्या तबकडीवरून उतरविलेली, तिच्यावरून पुन्हा उतरविलेली एक फिकट प्रत. कोपऱ्यात कोणा वाहिनीचे किंवा विक्रेत्याचे बोधचिन्ह. विष्णुपंत पागनीसांच्या कपाळीचा टिळा आणि कपाळ एकाच रंगाचे. गौरींची जिजाई कडाडते तेव्हा शब्दांहून खरखर मोठी. ज्याने हा चित्रपट असाच प्रथम पाहिला, त्या पंधरा वर्षांच्या मुलाला वाटते, की जुने चित्रपट असेच असतात. त्याला दोष कसा देणार? आपण त्याच्यापुढे प्रभातचा चित्रपट ठेवलेलाच नाही. त्याची सावली ठेवली आहे.

ह्याची कारणे अनेक आहेत. १९५० च्या सुमारापर्यंतची फिल्म नायट्रेट नावाच्या पदार्थाची होती. ती चटकन पेटते, आणि एकदा पेटली की पाण्यालाही दाद देत नाही. जी पेटली नाही ती कालांतराने चिकट होऊन अखेर तिची भुकटी होते. शिवाय तिच्यावरच्या रुप्याला बाजार होता. कित्येक चित्रपट रुपे काढण्यासाठी वितळविले गेले. मूकपटांच्या काळात हजाराहून अधिक चित्रपट आपल्या देशात निघाले, त्यांतले हाताच्या बोटांवर मोजावे इतकेच आज पुरतेपणी पाहता येतात. १९३१ चा ‘आलम आरा’, म्हणजे आपला पहिला बोलपट, कोठेही उरलेला नाही. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले, आणि पी. के. नायर ह्यांनी गावोगाव हिंडून, तंबूवाल्यांच्या आणि जुन्या निर्मात्यांच्या पाया पडून फिल्म गोळा केल्या, म्हणून पुष्कळसे वाचले. त्यातही २००३ च्या जानेवारीत पुण्यातच लागलेल्या आगीत नायट्रेटची कितीतरी मूळ रिळे गेली. त्यांतल्या अनेकांच्या सुरक्षित फिल्मवरील नकला आधी काढून ठेवल्या होत्या, हे आपले नशीब. पण नकल ती नकल.

आणखी एक कारण सांगतो, ते कायद्याचे आहे आणि थोडे उफराटे आहे. आपल्याकडे चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षांनी संपतो. म्हणजे १९६० पूर्वीचे सारे बोलपट आता सर्वांचे झाले. ऐकावयास ही गोष्ट किती उदार वाटते! परंतु जे सर्वांचे, त्यावर लक्षावधी रुपये खर्च कोण करणार? आज कोणी पदरमोड करून ‘संत तुकारामा’चा जीर्णोद्धार केला, आणि उद्या दुसऱ्याने ती प्रत उतरवून विकली, तर पहिल्याच्या हाती काय उरते? उलट, अलीकडच्या चित्रपटांत हक्क एकाकडे, निगेटिव्ह दुसऱ्याकडे, आणि प्रयोगशाळेचे थकलेले बिल तिसऱ्याच्या माथी, अशी भावकी असते. सरकारने राष्ट्रीय चित्रपट वारसा मोहीम हाती घेतली आहे, काम होतही आहे. गोव्याच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात २०२२ साली जीर्णोद्धार केलेल्या भारतीय चित्रपटांचा स्वतंत्र विभाग होता. पण महोत्सवात एकदा दाखविला गेलेला चित्रपट आणि बेळगावच्या किंवा ग्वाल्हेरच्या घरात फळीवर असलेली तबकडी ह्यांत फार अंतर आहे. ते अंतर कमी करण्यासाठी लागणारी मागणी आपण कधी संघटितपणे केली आहे काय?

पैशाचा प्रश्न सुटूच शकत नाही असे नाही. श्याम बेनेगल ह्यांचा १९७६ चा ‘मंथन’ गुजरातच्या पाच लक्ष शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये घालून काढला होता. पटकथेत विजय तेंडुलकरांचा हात, प्रमुख भूमिकेत स्मिता पाटील. मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने त्याचा जीर्णोद्धार केला, तो २०२४ साली कान येथे दाखविला गेला, आणि मग आपल्या चित्रगृहांतही आला. चित्रपट काढताना जे दोन-दोन रुपयांनी जमले, ते चित्रपट वाचविताना जमणार नाही, असे मानण्याचे कारण नाही. इंदूर, बडोदे, हैद्राबाद येथील मराठी मंडळांचे गणेशोत्सव वर्गणीवरच उभे राहतात.

पैशाहून कठीण प्रश्न आडाचा आहे, म्हणजे चांगली फिल्म सापडण्याचा. आणि येथे महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसांना विशेष काम आहे असे मला वाटते. हरवलेल्या फिल्म जन्मगावी सापडत नाहीत. त्या दूरदेशी सापडतात. ‘जोन ऑफ आर्क’वरचा ड्रायर ह्यांचा १९२८ चा फ्रेंच मूकपट मूळ स्वरूपात नष्ट झाला असे सर्व धरून चालले होते, १९८१ साली त्याची प्रत ऑस्लो येथील मनोरुग्णालयाच्या कपाटात मिळाली. जर्मनीच्या ‘मेट्रोपोलिस’चा कापून टाकलेला सुमारे पंचवीस मिनिटांचा भाग २००८ साली अर्जेंटिनात, ब्युनॉस आयरिसच्या एका संग्रहालयात सापडला. आणि इतक्या लांब कशाला? ‘शोले’ तर १९७५ चा, कालपरवाचा. त्याची मूळ निगेटिव्ह पार बिघडलेली निघाली. ज्या मधल्या पॉझिटिव्हवरून २०२५ साली त्याचा जीर्णोद्धार पुरा झाला, ती इंग्लंडमधल्या एका गोदामात होती. प्रत जितकी केंद्रापासून दूर जाते तितकी ती परत पाठविण्याचे भाडे जड होते, आणि मग ती तेथेच राहते. हे साधे व्यवहाराचे कारण आहे.

मराठी चित्रपटांच्या प्रतीही अशाच सीमेबाहेर गेल्या. त्यांतली एखादी बंद पडलेल्या चित्रगृहाच्या माळ्यावर, वितरकाच्या वारसांच्या वखारीत, एखाद्या संस्थानी वाड्याच्या तळघरात राहिली नसेल कशावरून? राजवाड्यांतून आणि संस्थांतून दाखविण्यासाठी घेतलेल्या सोळा मिलिमीटरच्या लहान प्रतीही असतात. ‘मेट्रोपोलिस’चा तुकडा तसल्याच फिल्मवर मिळाला होता.

असा डबा हाती आला तर काय करावे, तेवढे सांगतो. तो यंत्रावर चढवून चालवून पाहण्याचा मोह आवरावा. आक्रसलेली फिल्म पहिल्याच फेरीत फाटते. फिल्मच्या कडेवर ‘सेफ्टी’ ही अक्षरे इंग्रजीत दिसतात का ते पाहावे. नसतील, तर ती नायट्रेटची आहे असे धरून दिवा, विडी, देवघरातले निरांजन ह्यांपासून आणि उन्हापासून ती लांब ठेवावी, आणि टपालाने कोठेही पाठवू नये. डबा उघडताच व्हिनेगारचा आंबट वास आला, तर ती सुरक्षित जातीची पण कुजू लागलेली फिल्म आहे. तिला इतर डब्यांपासून वेगळी, थंड आणि कोरड्या जागी ठेवावी. डब्यावरची चिठ्ठी कितीही मळकी असली तरी काढू नये; चित्रपटाचे नाव, रिळाचा क्रमांक, वितरकाचा शिक्का, सारे जसेच्या तसे उतरवून घ्यावे. आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयास पत्र लिहावे. एकच रीळ असले तरी लिहावे. मधले चौथे किंवा सातवे रीळ असले, तर अगत्याने लिहावे. बाकीची रिळे दुसऱ्या कोणाच्या माळ्यावर असतील.